डोक्याला लावायची दवा आणि घरातलं बाळ

धुळ्याहून आपाचा फोन आला तेव्हा मी जळगावच्या फुले मार्केटात होतो. सलाम-दुआ न करताच तिने विचारलं, "तू डोक्याला ते पाणी लावतोस ना, त्याचं नाव काय?"

माझी भाची तेव्हा पाच महिन्यांची होती. बाळंतपणासाठी आपा आमच्याकडे आली होती. सातव्या दिवशी अकीका झाला, बाळाचं जावळ काढलं, त्या केसांच्या वजनाइतक्या चांदीचा सदका दिला. पुढचे चार महिने मायलेकी जळगावातच होत्या. बाळाला झोपवायचं काम माझ्याकडे. गालाला गाल लावून ती माझ्या खांद्यावर झोपायची, कधी माझ्याच उशीवर. तिची मूठ कायम माझ्या केसांत.

केस म्हणजे जे उरले होते ते. तिशीच्या आधीच माझं कपाळ मागे सरकू लागलं होतं. अब्बांचं आणि चाचांचंही तसंच झालेलं. नात्यासाठी येणारी मंडळी आधी पगार विचारायची, मग त्यांची नजर टोपीकडे जायची. एका घरी मुलीच्या मामूंनी हसत हसत टोपी काढायला लावली. त्या रात्री मोबाइलवर शोधलं आणि दुसऱ्या दिवशी पाच टक्के मिनॉक्सिडिलची बाटली घरी आणली. डॉक्टरांना विचारलं नाही, आतला कागद वाचला नाही. एका वेळी एक मिली पुरे असताना मी दुप्पट ओतायचो, कारण घाई होती. आमच्याकडचा मे महिना तुम्हाला माहीत आहे. घामाबरोबर औषधाचे ओघळ मानेवर यायचे. हात न धुता त्याच हातांनी मी बाळाला उचलायचो.

आपा सासरी गेली तेव्हा बाळाच्या कपाळावर, दंडांवर, पाठीवर काळी लव दाटली होती. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं कणकेच्या गोळ्याने चोळा. देवपुरातल्या बालरोगतज्ज्ञांनी मात्र बाळाला तपासून सरळ विचारलं, "घरात कुणी केस उगवायचं औषध लावतं का?"

दुसऱ्या दिवशी मी एसटीने धुळ्याला निघालो. एरंडोल, पारोळा, सगळा रस्ता मान खाली. बाळाचं हृदय ठीक आहे हे कळलं तेव्हा श्वास सुटला. आपा रागावली नाही. म्हणाली, "तू केस मागितलेस, अल्लाहने दिले. पत्ता तेवढा चुकला."

डॉक्टरांनी सांगितलं, असं घडणारे आम्ही पहिले नाही. वडिलांच्या डोक्यावरचं औषध तान्ह्या बाळाच्या अंगाला किंवा तोंडात जाऊन अशी लव आल्याचे प्रकार युरोपात नोंदले गेले आहेत. 2024 मध्ये तिथल्या औषध नियामक संस्थेने यावर विचार करून माहितीपत्रकात तसा इशारा द्यायला सांगितलं. संपर्क थांबला की काही महिन्यांत लव जाते.

मग मी पहिल्यांदा तो कागद वाचला आणि या औषधाचा इतिहासही. मिनॉक्सिडिल आधी रक्तदाबाची गोळी होती. रक्तवाहिन्या सैल करणारं ते औषध अमेरिकेत 1979 मध्ये मंजूर झालं. ती गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा तेच औषध डोक्याला लावायचं ठरलं आणि 1988 मध्ये त्यालाही मंजुरी मिळाली. म्हणजे आपण ज्याला पाणी म्हणतो, तेलासारखं चोळतो, ती मुळात हृदयाशी आणि रक्ताशी संबंध असलेली दवा आहे.

हे वाचून मला घाम फुटला, कारण अब्बा रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि माझी बाटली मागत होते. आपाही मागत होती, बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गळत होते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने हे औषध लावू नये, आणि बाळंतपणानंतरची केसगळ बहुतेक वेळा आपोआप थांबते. आधी गळण्याचं कारण कळलं पाहिजे. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या गावांत डिसेंबर 2024 पासून लोकांचे केस काही दिवसांत गळून टक्कल पडलं. डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. अशा अचानक गळतीवर किंवा चट्ट्याचट्ट्याने जाणाऱ्या केसांवर बाटली आणून भागत नाही.

भाचीची लव चार महिन्यांत गेली. मी त्वचारोगतज्ज्ञांना विचारून औषध पुन्हा सुरू केलं, पण रीत बदलली. दिवसातून दोनदा, एकेक मिली, कोरड्या आणि जखम नसलेल्या टाळूवर. लावलं की साबणाने हात धुतो. किमान चार तास डोकं ओलं करायचं नसतं, म्हणून वुजूच्या मसहचा हिशेब बघून फज्रनंतर आणि इशानंतर लावतो. फज्र ते जुहर मोठं अंतर आहे, आणि इशानंतर झोपेपर्यंत दोन तास सुकायला मिळतात. माझी उशी वेगळी आहे. आपा येणार असेल तर बाटली कपाटात वर, कुलपात, आणि ती असेपर्यंत औषध बंद. घरात मांजर असेल तरी सांभाळा, मांजरासाठी हे विष आहे.

द्रावणात अल्कोहोल असतं. त्याबद्दल मनात शंका असेल तर आलिमांना विचारा. पण छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, हातपाय सुजले तर औषध थांबवून थेट डॉक्टर गाठा.

पहिल्या काही आठवड्यांत केस आणखी गळतात, घाबरू नका. फरक दिसायला चार महिने तरी लागतात, आणि बंद केलं की आलेले केस पुन्हा जातात. माझ्या डोक्यावर थोडे आलेत, फार नाहीत. पुढच्या नात्याच्या बैठकीत मी आत शिरतानाच टोपी काढून बसणार आहे.