तारेचं टोक

आमच्या शिडाच्या छोट्या होडीची डोलकाठी तीन तारांवर उभी असते: एक पुढे, दोन बाजूंना. बाजूची एक बदलताना मी काटकसर केली. कारखान्यात तारेचं टोक प्रेसखाली दाबून बसवतात. मी बाजारातून स्टेनलेस तार आणून दोन क्लॅम्प आवळले. मुंबई बंदरात वारा वाढला, गुळगुळीत तार क्लॅम्पमधून सरकली आणि काठी मुलीच्या खांद्याला चाटून पाण्यात आडवी झाली.

तिनं एवढंच विचारलं, "बाबा, ही तू लावली होतीस?"

नवी तार कारखान्यातूनच बनवून आणली. आता निघण्यापूर्वी तारेच्या टोकावरून बोट फिरवून एखादा तुटलेला पदर टोचतो का, हे तीच पाहते. मी शेजारी उभा राहतो.