टाकीतला ऊस

बीडला रेल्वे आली ती सप्टेंबर 2025 मध्ये. परळीला निजामाच्या काळापासून गाडी होती, पण जिल्ह्याचं गाव तोवर रुळांविनाच राहिलं. बालाघाटच्या या उंचसखल मुलखाला सांधून ठेवलं ते एसटीने आणि शंभर सीसीच्या मोटारसायकलींनी. अडलेली बाई दवाखान्यात पोचली ती मोटारसायकलवर, दुधाचे कॅन डेअरीला गेले ते तिच्यावर, नव्या नवरीचं माहेरपण झालं तेही तिच्यावरच. आमच्याकडे ही हौसेची वस्तू कधी नव्हती. म्हणूनच ती जुनी झाली तरी कुणी तिला सहज काढून टाकत नाही.

आमची 1998 ची हिरो होंडा स्प्लेंडर, एमएच-23 ची. आई आणि आण्णा तेव्हा उसाला जात. कारखान्याच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घ्यायची आणि कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात, कोप्यांत राहून पाडव्यापर्यंत ती फेडायची. एका वर्षी उचल फिटून हातात चार पैसे उरले, तेव्हा आण्णांनी केजच्या बाजारात ही गाडी सेकंड हॅण्ड घेतली. टाकीवर नाव आहे त्या नावाची कंपनी आता नाही; हिरो आणि होंडा वेगळे होऊन बरीच वर्षं झाली. पण इंजिनाचा तो 97.2 सीसीचा साचा चालूच राहिला, आणि म्हणून फाट्यावरच्या छोट्या दुकानातसुद्धा हिची चेन, क्लच प्लेटा, ब्रेक लायनर आजही मिळतात. जुनी गाडी टिकते ती मालकाच्या मायेने, हे खरंच. पण नुसत्या मायेने पिस्टन रिंग मिळत नाही.

हिचा सिलिंडर उभा नाही, जवळजवळ आडवा झोपलेला आहे, होंडाच्या कब घराण्याची ती ठेवण. त्याच्या डोक्यावर दोन गोल टोपणं. ती उघडली की टॅपेट दिसतात. आमचे मिस्त्री मामा हे काम भल्या सकाळीच करतात, कारण इंजिन रात्रभर थंड झालेलं लागतं. मॅग्नेटवरची टीची खूण जुळवायची, फिलरची पातळ पट्टी फटीत सरकवायची आणि ती अडतेही, निघतेही अशा बेताला नट आवळायचा. नट आवळताना स्क्रू केसभर फिरतोच, म्हणून पुन्हा पट्टी घालून बघायची. मग लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरतात आणि डोळे मिटतात. मला वाटायचं, आवाज जितका कमी तितकी गाडी चांगली. मामा म्हणाले, "थोडं टकटक वाजू द्या, भाऊ. वाजतंय ते टॅपेट गाडी मारत नाही. आवाजच नाही म्हंजे टाईट हाय, आन् टाईट हाय म्हंजे वॉल्व्ह जळनार." त्यानंतर त्या बारीक टकटकीवर माझा जीव जडला. मांजरसुंब्याचा घाट चढताना ती ऐकू आली की पुढचा रस्ता निर्धास्त वाटतो.

पावसाळ्यात काळ्या रानातून गाडी काढणं हे वेगळंच काम. चिखल मडगार्डात गच्च बसतो, चाक फिरेनासं होतं, आणि दर शंभर पावलांवर काडीने तो उकरावा लागतो. पुष्कळांनी पुढचं मडगार्ड काढूनच टाकलंय. मी ठेवलंय. आण्णा ते दर पोळ्याला बैलांसोबत धुवायचे.

कागदांचाही एक वेगळा सांभाळ आहे. पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी गाडी आरटीओला दाखवायची. नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 300 रुपयांवरून 1000 झाली; वर पर्यावरण कर आहेच.

पण मला खरं बोलायचंय ते पेट्रोलबद्दल. त्यात आता 20 टक्के इथेनॉल आहे. एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या ते धरून बनवल्या जातात; 1998 मध्ये ते कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. फार ओल झाली की पाणी टाकीच्या तळाशी उतरतं, पत्र्याला आतून गंज धरतो आणि त्याची तांबडी भुकटी कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकते. जुनी रबरं फुगतात, पाईप चिरतो. लिटरमागे इथेनॉलची ताकदही पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने कमी.

इथेनॉल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बाहेरून आणायचं तेल त्याने वाचतं, कारखान्यांच्या हाती पैसा येतो. ते मक्यापासून आणि तांदळापासूनही होतं, हे मला माहीत आहे. तरी टाकीचं झाकण उघडलं की मला ऊसच आठवतो: पहाटेच्या थंडीत मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणारी आई, पाचटाने चिरलेले तिचे हात. ज्या हातांनी तो ऊस तोडला, त्यांच्याच गाडीची रबरं त्याने खावीत आणि आमच्याकडच्या पंपावर त्यांना बिनइथेनॉलचं पेट्रोल मागायची सोयही नसावी, हे मला न्यायाचं वाटत नाही. जुन्या गाड्यांसाठी तशी एक टाकी तालुक्याला तरी असावी. हे फार मोठं मागणं नाही.

ते होईल तेव्हा होईल. तोवर, यंदा उसाला जाताना गाडी घरी ठेवून जाणार असाल तर एवढं करा: टाकीतलं पेट्रोल काढून घ्या, कॉक बंद करा, कार्बोरेटरच्या बाऊलखालचा स्क्रू सैल करून आतलं सगळं गळू द्या आणि तो पुन्हा आवळा. बॅटरीची वायर सोडवा. आणि पाडव्याला परत आल्यावर किक मारायच्या आधी पेट्रोलचा पाईप हाताने वाकवून बघा. कडक झाला असेल तर आधी तो बदला.