सुट्टी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आम्हां प्राध्यापकमंडळींचे चेहरे शाळकरी पोरांसारखे फुलतात. परवा त्याच आनंदात मी विभागातल्या एका तरुण सहकारी बाईंना म्हणालो, "चला, आता चांगली वीस दिवस चैन!"

त्या हसल्या, पण ते हसणे काही खरे नव्हे. "सर, मी तासिका तत्त्वावर. तास नाही, तर पैसाही नाही."

मी चपापलो. नुकताच वर्गात 'दीनबंधू'कार नारायण मेघाजी लोखंडे शिकवून आलो होतो. १८८४ साली मुंबईच्या गिरणीकामगारांसाठी त्यांनी मागितले तरी काय? रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती आणि पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सुट्टी मिळायला १८९० साल उजाडले.

"निदान मागचे पैसे तरी मिळाले ना?"

"जुलैपासूनचे यायचेत."

आणि विभागाचे निम्मे तास या बाईच घेतात! मला ठाऊक असायलाच हवे. वेळापत्रक मीच बांधतो.

"सर, सुट्टीत जादा तास लावता येतील का?" जाता जाता त्यांनी विचारले.

"बघतो," मी म्हणालो. यापूर्वीही दोनदा मी तेच म्हणालो होतो.