देवबागच्या खाडीवरील एक दिवस

मालवणहून दक्षिणेस निघाले की तारकर्ली लागते आणि त्यापुढे देवबाग. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास कर्ली नदी आणि मधल्या माडांच्या चिंचोळ्या पट्टीवर वसलेले गाव. पट्टी संपते तेथेच नदी समुद्रास मिळते. तो संगम होडीतून पाहावा म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून सहकुटुंब तेथे गेलो.

सकाळी खाडीकाठी पोहोचलो, तो होडीच्या पाठीस टांगलेल्या इंजिनाखाली पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला. होडीवाल्याने तो पाहताच नातवंडांना दिलेली जाकिटे परत घेतली. "काकांनु, तेल गळता हा. आज होडी सोडूची नाय." माझ्या व्यापारी पुतण्याने दुप्पट भाडे देऊ केले. होडीवाला हसला, पण बधला नाही. रविवार होता, त्याच्या साऱ्या फेऱ्या बुडणार होत्या.

चौघांनी होडी ओंडक्यांवर ओढून घेतली. पंखा काढताच मागच्या दांड्याभोवती तंगूस आवळलेला दिसला. मासेमारीच्या त्या नायलॉन दोऱ्याने रबरी सील कापले होते. खाली डबा धरून त्याने गिअरपेटीचा तळचा स्क्रू काढला, मग वरचा. तेल आले ते दुधाच्या चहासारखे. तेल बाहेर जाते त्याच वाटेने पाणी आत शिरते, बेअरिंगला गंज चढतो, दाते झिजतात. सील काही शेकड्यांचे. गिअरपेटी बदलायची तर हजारोंचा खर्च.

मिस्त्री सील घेऊन मालवणहून येईतो आम्ही माडाखाली बसलो होतो. मला माझी नोकरी आठवली. किनाऱ्यावरील एका शाखेत असताना होड्यांची कर्जप्रकरणे माझ्या टेबलावर येत. 'दुरुस्ती व देखभाल' या रकान्यातील आकडा मला नेहमीच फुगवलेला वाटे. एका अर्जदाराचा तर मी निम्म्यावर आणला होता. पुढे त्याचे हप्ते थकले, तेव्हा 'व्यवसायाकडे दुर्लक्ष' असा शेरा मीच लिहिला. इंजिन का बंद पडले, हे विचारले नव्हते. पुतण्याला हे सांगितले नाही.

दुपारी सील बसले. तेल भरायचे ते तळच्या भोकातून. वरच्या भोकातून पाझरू लागले की पेटी भरली. आधी वरचा स्क्रू घट्ट करायचा, मग खालचा, दोन्हींना नवे वॉशर घालून. जुने तेल त्याने डब्यात झाकून ठेवले, खाडीत ओतले नाही.

दुसऱ्या दिवशी भरतीच्या वेळी पुन्हा गेलो. होडीवाल्याने इंजिन उचलून पंख्यामागे बोट फिरवले आणि माझ्यापुढे धरले. बोट कोरडे होते. मग त्याने जाकिटे वाटली.