शेवयांचे सूत

वैशाखाचे ऊन तापू लागले, की नाशिक जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत वर्षाच्या बेगमीला आरंभ होतो. अंगणाअंगणांत पापड आणि कुरडया वाळू लागतात. परंतु या साऱ्यांहून अधिक कसब लागते, ते हाताने ओढलेल्या शेवयांना. पूर्वी हे काम कोणी एकटी करीत नसे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या घरी, अशा पाळीने शेजारणी जमत आणि बोलता बोलता काठ्या भरत.

शेवयांसाठी गहू ओलवून फडक्यात बांधून ठेवतात. मग दळून, बारीक चाळून घेतात. मिठाच्या पाण्यात घट्ट भिजवलेले पीठ पुष्कळ तिंबावे लागते. नंतर ते झाकून ठेवतात. गव्हातील प्रथिने पाण्याशी संयोग पावून ग्लुटेन नावाचा चिवट पदार्थ निर्माण करतात आणि मीठ त्याला बळकटी आणते. विसावलेले पीठ मग न तुटता लांबते.

तेलाचा हात लावून गोळ्याची वळी करावयाची, ती ओढावयाची, दुमडावयाची आणि पुन्हा ओढावयाची. एकाचे दोन, दोनाचे चार पदर होतात. अशी दुमड दहा वेळा साधली, तर एका वळीचे १०२४ धागे व्हावेत!

नवशिकी मुलगी हे पाहते आणि तिला ते अगदी सोपे वाटते. पण घाई केली तर धागा तुटतो. भीत भीत ओढला तर तो जाडच राहतो. किती ओढावे, हे आजीलाही शब्दांत सांगता येत नाही. ती नातीचे हात आपल्या हातांत घेते, एवढेच. तुटलेले धागे कोणी टाकून देत नाही. ते पुन्हा मळले जातात.

दूर जपानातही गव्हाच्या पिठाला मीठ-पाणीच लागते. तेथील कागावा प्रांतात ‘उदोन’ नावाच्या जाड शेवयांचे पीठ इतके घट्ट असते, की ते कापडात गुंडाळून पायांनी तुडवितात. मग लाटून सुरीने कापतात. ‘सोमेन’ नावाच्या बारीक शेवया मात्र आपल्यासारख्याच तेल लावून ओढतात व काठ्यांवर वाळवितात. आपल्याकडे त्यासाठी उन्हाळा निवडतात, तिकडे कोरडा हिवाळा.

आता गावोगावी शेवयांची यंत्रे आली आहेत. स्त्रियांचे कष्ट त्यांनी हलके केले, हे चांगलेच झाले. सणाची खीर आणि ईदेचा शीरखुर्मा यंत्राच्या शेवयांनीही गोड होतो. परंतु बोटांत साठलेले ज्ञान कणगीत भरून ठेवता येत नाही. एका हाताने ते दुसऱ्या हाताला द्यावे लागते. आणि घेणारा हात पुढे आला नाही, तर ते देणाऱ्याबरोबरच संपते.