घरी कारण काय सांगायचं?

आमच्या लहानपणी घरात काहीही मागायचं झालं तर आधी कारण शोधावं लागे. ‘मला हवंय’ एवढं पुरत नसे. आम्हा मुलांना पुरत नसे यात नवल नाही, पण मोठ्यांनाही पुरत नसे. आई, मोठी काकू, धाकटी काकू, आत्या, कॉलेजात जाणारा काका, सगळेच आपली इच्छा घराच्या गरजेच्या आडून पुढे करायचे. गिरगावातल्या एका चाळीत दोन खोल्यांत आम्ही सख्खी-चुलत-आत्ते भावंडं वाढलो. पुढे डोंबिवली, ठाणे, पुणे असे पांगलो आणि आता सगळे सत्तरीच्या आसपास आहोत. भाऊबीजेला जमलो की जुन्या गोष्टी निघतात. त्या ऐकताना मला दरवेळी वाटतं, आमच्या आयुष्यात जे जे मोकळं झालं, ते भलत्याच कुठल्या तरी कारणाने झालं.

चाळीत लपवण्यासारखी जागा नव्हती. गॅलरीतून जाताना प्रत्येक दारातून एक नजर यायची. कोण किती वाजता आलं, कुणाच्या हातात कसली पिशवी होती, कुणाच्या घरी पाव्हणे कशाला आले होते, हे संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर पोचलेलं असे. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक आमच्यासाठी खरेखुरे होते, त्यांच्या दारावरच्या पाट्या आम्हाला पाठ होत्या. पण आई आजारी पडली तेव्हा याच लोकांनी आम्हाला आठ-आठ दिवस जेवू घातलं. पगार लांबला की वाटीभर तांदूळ, चहापुरती साखर याच दारांतून येई. त्यामुळे चाळीच्या धाकाबद्दल आमच्यातलं कुणी कडवटपणे बोलायला लागलं की मी अडवते. ज्यांनी धाकात ठेवलं त्यांनीच सांभाळलं.

वर्षातले दहा दिवस मात्र वेगळे असत. गिरगावात केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३पासून सार्वजनिक गणपती बसतो; त्या भागातल्या प्रत्येक चाळीला आपलाही उत्सव तसाच थाटात व्हावा असं वाटे. नाटकात काम करणारी मुलगी आमच्या आजीला चालली नसती. गणपतीपुढच्या नाटकात चालायची, कारण ते देवाचं काम. धाकट्या काकूने लग्नानंतर चार-पाच वर्षं तिथे कामं केली, नंतर मुलं झाली आणि थांबलं. आजही ती एखादी तक्रार सांगायला लागली की समोरच्या दोघांचे आवाज वेगवेगळे काढते.

दादाचं तेच. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही चित्रकलेच्या परीक्षा तो वरच्या श्रेणीत पास झाला. जे.जे. स्कूल ऑफ आर्ट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. वडिलांनी एकच प्रश्न विचारला, ‘पोटाचं काय?’ त्याला दादाकडे उत्तर नव्हतं. तो कॉमर्सला गेला, विमा कंपनीत लागला, वेळेवर बढत्या घेऊन निवृत्त झाला. मुलग्यांना मोकळीक होती म्हणतात. ती रात्री उशिरा घरी येण्यापुरती होती. कोण व्हायचं हे त्यांनाही विचारलं जात नव्हतं. पण चाळीच्या गणपतीचं मखर तीसेक वर्षं दादाने केलं. पुठ्ठा, जिलेटिन पेपर, रंगीत काच, नंतर नुसता बांबू आणि कापड. ऑगस्ट लागला की तो ऑफिसातून थेट चाळीच्या तळमजल्यावर जायचा, आणि तेवढे दिवस त्याला कुणी काही विचारत नसे.

घरात बाहेरचं जग यायचं ते रेडिओतून आणि वाचनालयातून. मुंबई आकाशवाणीचं ‘वनिता मंडळ’ लागलं की आजी आवाज मोठा करायला सांगायची, कारण त्यात पदार्थ सांगायचे. किर्लोस्करांची ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही तिन्ही मासिकं वाचनालयातून घरी यायची. ‘स्त्री’ बायकांनी वाचायला हरकत नव्हती. स्वयंपाकाचं, विणकामाचं, संसाराचं काही मिळेल असा पुरुषांचा समज होता. शंकरराव किर्लोस्करांनी १९३०मध्ये ते काढलं ते तेवढ्यासाठी नव्हतं, हे पुरुषांपेक्षा बायकांना आधी कळलं होतं. एकटी राहणारी बाई, दुसरं लग्न करणारी बाई, नवऱ्याला सोडून आलेली बाई आमच्या काकवांना त्या पानांत पहिल्यांदा भेटली. दुपारी त्या दोघी एकमेकींना वाचून दाखवायच्या आणि आम्ही जवळ गेलो की पान उलटायचं.

मग १९७२ साल आलं. राज्यात दुष्काळ, रेशनच्या रांगा, गोडेतेल, रवा, साखर, रॉकेल सगळ्याची ओढाताण. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या पुढाकाराने मुंबईत महागाईविरोधी आंदोलन उभं राहिलं आणि हजारो बायका लाटणी नि थाळ्या घेऊन रस्त्यावर उतरल्या. आमची मोठी काकू सणासमारंभाशिवाय चाळीचा जिना उतरत नसे. भाजीसुद्धा काका आणायचे. तिला न्यायला शेजारच्या बाई आल्या. आजीने विचारलं, ‘कुठे निघालीस?’ काकू म्हणाली, ‘साखरेसाठी.’ आजी आत गेली आणि स्वतःचं लाटणं आणून तिच्या हातात दिलं.

दिवेलागणीला ती परत आली तेव्हा तिचा आवाज बसला होता. ती स्वयंपाकघरात न जाता पुढच्या खोलीत, काकांच्या खुर्चीत बसली. आम्ही भोवती गोळा झालो. कुठून कुठपर्यंत चाललो, घोषणा काय होत्या, पोलीस कसे बाजूला उभे होते, परळच्या बायका कशा न घाबरता बोलत होत्या, हे ती सांगत राहिली. त्या दिवशी भाकऱ्या आईने टाकल्या. काकू पुढच्या मोर्चांनाही गेली. साखर मिळायला लागली तरी जात राहिली, मग कारण रॉकेलचं झालं, मग पाण्याचं. ऐंशीच्या घरात असताना तिने आम्हाला सांगितलं की तिला मोर्चात चालायला आवडायचं. नुसतं चालायला, मोठ्याने ओरडायला, अनोळखी बायकांच्या हातात हात घालायला. इतक्या वर्षांत तिने हे कुणाला सांगितलं नव्हतं आणि आम्हीही कुणी विचारलं नव्हतं.

आम्हा मुलींची शिक्षणं झाली ती ‘चांगलं स्थळ मिळेल’ म्हणून. नोकऱ्या झाल्या त्या डोंबिवलीतल्या जागेचे हप्ते फेडायला. १९ जुलै १९६९ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गावोगाव शाखा निघाल्या, भरती वाढली. मोठ्या काकूची मुलगी, आमची अक्का, टायपिंगच्या परीक्षा देऊन आणि बी.ए. होऊन बसलीच होती, ती बँकेत लागली. पगाराचं पाकीट ती घरी जसंच्या तसं वडिलांच्या हातात द्यायची, लग्नानंतर सासूबाईंच्या. तरी त्या पाकिटाने फरक पडला. अक्काला यायला उशीर झाला तर तिचं ताट झाकून ठेवलं जाऊ लागलं. पूर्वी हे फक्त पुरुषांसाठी होत असे.

डोंबिवलीहून व्ही.टी.पर्यंतचा लोकलचा प्रवास, हे आमच्यातल्या चौघींचं खरं कॉलेज. डब्यात भाजी निवडून व्हायची, डोहाळजेवणं व्हायची, भिशी चालायची, आणि नवऱ्याने हात उगारला तर काय करायचं हेही तिथेच ठरायचं. पंजाबी ड्रेस आमच्या घरात त्या डब्यातून आला. ‘गर्दीत साडी अडकते, उतरताना पायात येते’, यावर सासूबाईंकडे उत्तर नव्हतं. आधी फक्त प्रवासापुरता, घरी आलं की पुन्हा साडी. मग पावसाळ्यात घरीही. गाऊन आला तो बाळंतपणाच्या निमित्ताने आणि पुढे राहिला. दाराची बेल वाजली की त्यावर ओढणी घ्यायची, एवढी अट होती. ‘मला ड्रेस शोभतो’ असं आमच्यातलं कुणी कधी म्हणालं नाही.

अक्काच्या नावाची गोष्ट मला सगळ्यात जास्त लागते. तिच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. सासरी तिच्या नावाची एक नणंद होती, म्हणून बदललं. तेवीस वर्षं जे नाव ऐकलं की ती मान वळवायची, ते एका संध्याकाळी संपलं. तेव्हा तिच्यासकट कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. पण बँकेतल्या कागदांवर जुनं नाव होतं. सासऱ्यांनी ते बदलून घ्यायला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘फार खटपट आहे, बाबा. ॲफिडेव्हिट, राजपत्र, युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट. प्रॉव्हिडंट फंडाला अडचण येईल.’ फंडाचं नाव निघाल्यावर सासरे गप्प झाले. खटपट तशी काही फार नव्हती. तिच्या शेजारच्या टेबलांवरच्या दोघींनी ती केली होती. अक्काने केली नाही. तीसएक वर्षं ती सकाळी एका नावाने घराबाहेर पडायची आणि प्लॅटफॉर्मवर पोचली की मैत्रिणी दुसऱ्या नावाने हाक मारायच्या. तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा डब्यातल्या बायका भेटायला आल्या. त्यातल्या एकीने दारातूनच जुन्या नावाने हाक मारली, तर नातू विचारायला लागला की ही कोण?

२००१मध्ये तिने बँकेची स्वेच्छानिवृत्ती घेतली. पहिल्या आठवड्यात सुनेने विचारलं, ‘आई, आज तुमच्या आवडीचं करू या, काय करू?’ अक्का बराच वेळ विचार करत राहिली आणि म्हणाली, ‘काहीही चालेल.’ हे तिने आम्हाला सांगितलं तेव्हा आम्ही सगळ्याच गप्प झालो, कारण आम्ही सगळ्याच हेच म्हणतो. हॉटेलात म्हणतो, साडीच्या दुकानात म्हणतो, सहलीला कुठे जायचं विचारलं तरी म्हणतो. नवऱ्याला काय आवडतं, मुलांना कशाची ॲलर्जी आहे, सासूबाईंना कुठलं लोणचं लागायचं, हे झोपेतून उठवलं तरी सांगू.

माझ्या भाचीने दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडली आणि मातीची भांडी करायला शिकायला लागली. कारण विचारलं तर म्हणाली, ‘मला आवडतं.’ घरातले मोठे हवालदिल झाले. एवढ्याने आमचं समाधान होत नाही. हे वेड मोबाइलमधून आलं असं दादा म्हणतो. असेल. पण आमच्या आवडी तरी कुठे आमच्या पोटात उगवल्या होत्या? त्या ‘स्त्री’च्या पानांतून आल्या, रेडिओतून आल्या, मोर्चातल्या परळच्या बायकांकडून आणि डोंबिवलीच्या डब्यातून आल्या. आवड कुठूनही येवो, ती ‘माझी’ म्हणायची हिंमत भाचीत आहे. आमच्यात ती नव्हती आणि कुणी ती वाढूही दिली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

वडिलांच्या पश्चात कोकणातल्या जमिनीचा प्रश्न आला. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी वडिलांची वारस झालेलीच होती. २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेतही ती मुलाच्या बरोबरीला आली. कायदा पूर्णपणे आमच्या बाजूला होता. पण यावेळी पुढे करायला काही कारण नव्हतं. हप्ते नव्हते, गर्दी नव्हती, कुणाच्या पोटाचा प्रश्न नव्हता. ‘माहेर तुटायला नको’ असं एकमेकींना सांगत आम्ही बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. सगळ्यात धाकटीने केली नाही. नोंदणी कार्यालयाबाहेरच्या बाकावर दादाने तिला समजुतीने विचारलं, ‘तुला कशाला लागतेय जमीन? तुझं काय अडलंय?’ ती म्हणाली, ‘अडलं काहीच नाही. मला हवी आहे.’ दादा थांबला, आम्हीही थांबलो, ती पुढे काही बोलेल म्हणून. ती बोलली नाही. दीड वर्ष तिच्याशी कुणी नीट बोललं नाही. पुढे वाटणी झाली, सहा गुंठे तिच्या नावावर लागले, सातबारा आला. आम्ही सह्या केलेल्या बहिणी तिच्यावर दादापेक्षा जास्त चिडलो होतो, आणि त्या चिडण्यातच माझ्या ध्यानात आलं की जमीन आम्हालाही हवी होती.