समासातल्या तारखा

यार्देन नदी ओलांडून इस्राएल लोक पलीकडे पोचले, तेव्हा पुढ्यात यरीहोचा तट होता आणि पाठीशी चाळीस वर्षांचं रान. अशा वेळी सेनापतीने पहारे बसवावेत, शस्त्रं तपासावीत. यहोशवाने बारा माणसं पुन्हा नदीच्या पात्रात पाठवली. कराराचा कोश घेऊन याजक जिथे उभे राहिले होते, तिथले बारा धोंडे खांद्यावर घालून आणायला लावले आणि गिलगालला ते उभे केले. कारण शास्त्रातच दिलं आहे: पुढे मुलं विचारतील, हे दगड कशाचे? तेव्हा सांगता यायला हवं. मला यातलं मोलाचं वाटतं ते हे, की दगड काठावरचे चालले नाहीत. जिथे बुडायची भीती होती, नेमके तिथलेच हवे होते.

आमच्या घरात असे धोंडे आजीच्या बायबलच्या समासात आहेत. आजी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली. बायबल काळ्या कापडी बांधणीचं, पाठ सुईदोऱ्याने शिवलेली. पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मृत्यू. एवढं पुष्कळ ख्रिस्ती घरांत असतं. तिचं स्वतःचं काय ते समासात. वचनाशेजारी बोथट पेन्सिलीने तारीख आणि दोन-तीन शब्द. स्तोत्र १२१ पाशी, ‘दौंड स्टेशन. रात्री सोबत मिळाली.’ मत्तयाच्या सहाव्या अध्यायात, पाखरांची आणि रानफुलांची गोष्ट आहे तिथे, ‘मस्टरवर नाव लागलं. १९७२.’

ते साल ज्यांनी काढलं त्यांना वेगळं सांगायला नको. बाजरी उगवली तशी करपली, विहिरींचे तळ उघडे पडले, जनावरं मिळेल त्या भावाला विकली गेली. दुष्काळी कामांवर बायामाणसं दिवसभर खडी फोडत बसायची, लेकरांना सुकडी मिळायची. मस्टरवर नाव लागणं म्हणजे आठवड्याची भाकरी. आजीने त्या पानावर चमत्कार झाला असं कुठे लिहिलेलं नाही. कारकुनाने नाव लिहिलं, तिने देवाचे आभार मानले आणि तारीख घातली. या दोहोंत तिला काही विसंगती दिसली नाही आणि मलाही दिसत नाही. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलं. ती कुणाच्या तरी हातूनच येणार.

निर्गमाच्या पुस्तकात मान्न्याची एक बारीकशी हकीकत आहे. कुणी उद्यासाठी लपवून ठेवला की मान्न्यात किडे पडत, घाण सुटे. आणि त्याच मान्न्यातला एक ओमर भांड्यात भरून पुढल्या पिढ्यांना दाखवायला परमेश्वरासमोर ठेवायची आज्ञा झाली. तो मात्र टिकला. उद्याच्या धास्तीने केलेली साठवण नासली, कालच्या कृपेची आठवण राहिली. त्या भांड्यात होतं काय, तर लोक खाऊन खाऊन कंटाळले होते ते साधं अन्न.

स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी देवाच्या दयेचं तेच एक पालुपद. लहानपणी उपासनेत हे स्तोत्र निघालं की ते कधी संपतंय असं व्हायचं. आता वाचताना ते कुठून निघतं आणि कुठे पोचतं याचं नवल वाटतं. आकाश, सूर्य, चंद्र, मिसर, दुभंगलेला तांबडा समुद्र, सीहोन आणि ओग हे पराभूत राजे, एवढा मोठा पट उलगडून अखेरीला ते प्राणिमात्राच्या जेवणावर येतं. समुद्र दुभंगणं आणि ताटात घास पडणं, दोन्हींना तेच पालुपद, तेवढ्याच जोराने. आजीचा समास मला या स्तोत्रातच पुढे घातलेल्या ओळींसारखा वाटतो.

पण इथे थांबलो तर अर्धंच सांगितलं असं होईल. ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या देवळात साक्षी होतात. एकेक जण उठतो. कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कुणाची कावीळ उतरली, कुणाच्या लेकीची नर्सिंगची परीक्षा पार पडली. मला या साक्षी मनापासून आवडतात. माणसं वर्षभराचं गाठोडं सोडून त्यातलं देवाचं देवासमोर ठेवतात. मात्र त्याच बाकांवर असेही बसलेले असतात, ज्यांनी तेवढ्याच कळकळीने मागितलं आणि मिळालं नाही. देवाचा विश्वासूपणा मिळालेल्या उत्तरांवरूनच मोजायचा, तर त्यांनी काय सांगावं? एका वर्षी मागच्या बाकावरची एक बाई उठली. तिचा कर्ता मुलगा त्या पावसाळ्यात गेला होता. ती एवढंच म्हणाली, “लेक गेला. प्रभूनं मला सोडलं नाही. मला दुसरं काही सांगता यायचं नाही.” आणि खाली बसली. पाळकसाहेबांनी लगेच गीत सांगितलं नाही, हे त्यांनी फार चांगलं केलं.

आजीच्या बायबलात विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायाशी एक तारीख आहे. शेजारी शब्द एकही नाही. पहिल्या पानावरच्या नोंदींशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं, ती तिच्या दुसऱ्या मुलाच्या मृत्यूची. तान्हाच होता. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते असं जिथे म्हटलं आहे, तिथेच तिने ती घातली आहे. हे वचन आपण भेटकार्डांवर छापतो, भिंतीवर लावतो. ते लिहिलं गेलं जळालेल्या यरुशलेमेसाठी, इ.स.पू. ५८६ च्या सुमाराच्या नाशानंतर, जेव्हा रस्त्यात लेकरं भुकेने कोसळत होती. शिवाय ते पुस्तकाच्या शेवटी येत नाही. पाच अध्यायांच्या ऐन मध्यावर येतं आणि त्यानंतर रडणं पुन्हा सुरू होतं. हिब्रूत पहिले चार अध्याय वर्णमालेच्या बावीस अक्षरांच्या क्रमाने बांधलेले आहेत. तिसऱ्यात तर प्रत्येक अक्षराला तीन-तीन वचनं. दुःखाने ज्याचं भान हरपायचं, त्याने अक्षर अक्षर धरून चालत राहावं, तशी ही रचना. करुणेची आठवण काढणाऱ्याने आधी कडू दवणा आणि विष यांचीही आठवण काढली आहे. एक पुसून दुसरी ठेवलेली नाही. तान्ह्याची तारीख तिथे घालताना आजीला वर्णमालेतलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जागा मात्र तिने अचूक शोधली.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य वाचताना हेच पुन्हा दिसतं. १८७४ च्या सुमारास उपासमारीच्या दिवसांत आईवडील आणि थोरली बहीण गेली. ती भूक त्या विसरल्या नाहीत, म्हणून १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलीबाळींना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०७ साली त्यांनी आपली साक्ष लिहिली, तीत ही भूकही आहे आणि देवाची देणगीही. पुढे साध्या बायकांना समजावं म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबलचं भाषांतर त्या वर्षानुवर्षं करत होत्या. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालं होतं. विलापगीताचा तो अध्यायही त्यांच्याच हातून मराठीत उतरला. मनोरमाच्या आधी की नंतर, याने मला फरक पडत नाही. दोन्ही वेळी त्या पुरेशा जाणत्या होत्या.

आठवण ठेवणं हे मनाचं काम आहे असं आपण धरून चालतो. आमच्याकडे ते निम्मं हातांचं काम आहे. हंगामाच्या सणाला याचा प्रत्यय येतो. सकाळपासून वेदीपुढे रास पडते: ज्वारीची कणसं, शेवग्याच्या शेंगा, गूळ, परडीत अंडी, पाय बांधलेला कोंबडा, जो ऐन उपदेशात आरवतो. ज्यांची शेती सुटली, शहरात गेली, ती माणसं तांदळाची पिशवी आणतात. उपासना झाली की आवारात चिंचेखाली लिलाव. गेल्या खेपेला एका म्हातारीने लाल भोपळा आणला होता. मुंबईहून आलेल्या एकाने बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लावून तो घेतला आणि लगेच मंडळीला परत दिला; पुन्हा बोली. दुसऱ्याने घेतला, त्यानेही परत. म्हातारी दरवेळी पदर सावरून पुढे यायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची की वेल उकिरड्यावर आपसूक उगवला होता, तिने बी टाकलं नव्हतं, पाणीसुद्धा सांडपाण्याचंच. तिसऱ्यांदा भोपळा वर धरला, तेव्हा लिलाव पुकारणाऱ्या पोराने आकड्याच्या आधी तिचीच हकीकत पुकारली, उकिरड्यापासून, आणि मग बोली सुरू केली.